जेवणाआधीचं पाणी

रविवार, १२ मे. सकाळी साडेदहा. कंपनीचा कॅन्टीन हॉल, चिकलठाणा औद्योगिक वसाहत. उपस्थित: मालक, त्यांचा मुलगा, एचआरच्या दोघी, डिस्पॅचचे भालेराव, अकाउंट्समधले तिघं, काकांच्या पत्नी सुमनकाकू, पुण्याहून आलेली त्यांची मुलगी, आणि मी. अनुपस्थित: टच-अपच्या बाकावरच्या कंत्राटी नऊ जणी. शोकसभेला कुणाला बोलवायचं त्याची यादी मीच केली होती आणि तीत ही नऊ नावं घातली होती. यादी मालकांच्या केबिनमधून परत आली तेव्हा त्या नावांवर एकच लांब आडवी रेघ होती आणि बाजूला लिहिलं होतं, ‘बाहेरचे नकोत’.

अनंतराव वैजापूरकर, म्हणजे आमचे काका, जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. मालक बोलायला उभे राहिले. म्हणाले, “वैजापूरकरांनी आम्हाला पाण्याचा थेंब न् थेंब वाचवायला शिकवलं. दरवर्षी त्यांच्या नावानं आपण एक जलमित्र पुरस्कार देणार आहोत.” टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या! सुमनकाकूंनी माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. काकांच्या आयुष्यातली शेवटची चार वर्षं एकाच मागणीत गेली होती, की टच-अपच्या बायकांना जेवणाआधी हात धुवायला वाहतं पाणी मिळावं. आणि हा माणूस त्यांच्या नावानं पाणी वाचवल्याचं बक्षीस देणार होता. त्या दिवशी मी काही बोलले नाही, म्हणून आता लिहिते आहे. मालक हे वाचतील. वाचू देत.

मी या कंपनीत बावीस वर्षं कागदपत्रांचा विभाग सांभाळते. कुठला कागद कुठल्या फाइलला, कुणाची सही राहिली, काय कधी संपतं, हे सगळं माझ्या वहीत असतं. काका क्वालिटीचे प्रमुख होते. उंच, किंचित वाकलेले, खिशाला तीन पेनं, आणि कायम घाईत असल्यासारखी चाल. माझ्या यादीच्या सवयीची ते फार टर उडवत. “नलिनीबाई, यमाचं काम तुमच्याकडं दिलं असतं तर एकही माणूस उशिरा गेला नसता,” असं एकदा भर मीटिंगमध्ये म्हणाले होते. मी त्यांना म्हटलं, “काका, तुमची सही राहिलेले सहा कागद आहेत, ते झाल्याशिवाय तुम्हाला सोडणार नाही.” ते हसले आणि तिथंच उभ्याउभ्या सहाही कागदांवर सह्या केल्या, पण प्रत्येक कागद वाचून. न वाचता त्यांनी कधी सही केली नाही. एका कागदासाठी परदेशी जाणारं खोकं त्यांनी दोन दिवस अडवलेलं मी पाहिलंय.

आमची कंपनी पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये आणि इतर यंत्रांत बसणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं बनवते. काही माल युरोपात जातो. तिकडचा नियम असा, की विजेच्या वस्तूत शिसं, पारा, कॅडमियम असे विषारी पदार्थ ठरावीक मर्यादेच्या वर असता कामा नयेत, आणि ते नाहीत असं बनवणाऱ्यानं लेखी द्यायचं. शिशाची मर्यादा हजारात एक भाग. आता कार्डावरचे सुटे भाग जोडायला जे सोल्डर वापरतात, त्या जुन्या सोल्डरमध्ये जवळपास चाळीस टक्के शिसं असतं. म्हणून परदेशी मालाला बिनशिशाचं सोल्डर, जे महाग आणि हट्टी. देशी मालाला मात्र जुनंच, शिशाचं. हा नियम नवा असताना मी काकांना विचारलं होतं, “आपल्याकडच्या कार्डात शिसं चालतं का मग?” काका चष्मा पुसत म्हणाले, “चालतं म्हणजे… आपल्या कार्डाबद्दल कुणी विचारत नाही.”

दोन्ही कामं एकाच हॉलमध्ये, म्हणून काकांनी हॉलच्या मधोमध रेघ मारली होती. एकीकडं हिरवी पट्टी, परदेशी माल, बिनशिशाचा. दुसरीकडं पिवळी पट्टी, देशी माल, शिशाचा. सोल्डरच्या तारेची रिळं वेगळी, ती तार वितळवायच्या इस्त्र्या वेगळ्या, चिमट्यांनासुद्धा रंग लावलेले. पिवळ्याची वस्तू हिरव्यात दिसली की काकांचा आवाज चढायचा. पिवळ्या बाजूला सगळ्यात शेवटी टच-अपचा बाक होता. यंत्रातून निघालेल्या कार्डात जिथं सोल्डर नीट बसलेलं नाही तिथं हातानं दुरुस्त करायचं, हे तिथलं काम. दिवसभर डाव्या हाताच्या बोटांत शिशाची तार. त्या बाकावर नऊ जणी होत्या, सगळ्या कंत्राटी. त्यांतली मंगल ही कन्नड तालुक्याकडची, बोलायला फटकळ. एकदा ती चुकून हिरव्या पट्टीच्या आत आली आणि काका ओरडले, “मंगल, मागं हो! पिवळ्याचा हात हिरव्याला लागायचा नाही!” मंगल जागची हलली नाही. म्हणाली, “काका, आमच्या आजीला बी तुमच्या आळीत आसंच मनायचे. मागं हो, शिवू नको. तुमी रंग तेवडा नवा काडला.” काका लालबुंद झाले. दुपारी तिच्या बाकाजवळ जाऊन म्हणाले, “मंगल, कार्डासाठी बोललो गं, तुझ्यासाठी नाही.” ती मान वर न करता म्हणाली, “व्हय काका. कार्डाचीच काळजी हाय, ते म्हाईत हाय आमाला.”

हे मला तेव्हा नुसतं चुरचुरीत उत्तर वाटलं होतं. त्यातली खरी गोष्ट कळायला आम्हाला एक दुष्काळ लागला.

त्या वर्षी जायकवाडीचं पाणी तळाला गेलं. औद्योगिक वसाहतीचा पुरवठा निम्म्यावर आला आणि टँकर सुरू झाले. गंमत बघा, किंवा किळस म्हणा, दुष्काळ आमच्या कंपनीला मानवला. जो तो बोअर खोल नेत होता, मोटारी बदलत होता, आणि स्टार्टरच्या कार्डांना कधी नव्हती एवढी मागणी आली. पिवळी बाजू दोन पाळ्यांत चालायला लागली. पाणी वाचवायचं काम मालकांनी काकांवर टाकलं. काकांना ते मनापासून आवडलं, कारण पाण्याच्या बाबतीत ते लहानपणापासून कंजूष. त्यांच्या घरी अजूनही घमेल्यात उभं राहून अंघोळ करायची आणि ते पाणी फरशी पुसायला किंवा झाडांना, अशी रीत होती. तीच रीत त्यांनी कंपनीत आणली. हात धुवायच्या बेसिनचे नळ बंद केले, त्यांच्या चाव्या काढून घेतल्या. कॅन्टीनच्या दारात दोन घमेली ठेवली. एकात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं. पाळीत एकदा पाणी बदलायचं आणि ते हॉलमागच्या वाफ्यात ओतायचं. वाफ्यात कोथिंबीर, मेथी, थोडा पालक. घमेलं कुणी कुठल्या दिवशी ओतायचं त्याचा तक्ता मी केला. छान रेघा मारून, नावं घालून, प्लास्टिकच्या कव्हरात. तक्ता करताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं, हे लपवत नाही.

वाफा असा तरारला की बघत राहावं. सगळ्या वसाहतीत तेवढाच हिरवा तुकडा. कोथिंबीर कॅन्टीनच्या आमटीत जायची आणि उरलेली आम्ही वाटून घरी न्यायचो. मालकांनी वाफ्यासमोर काकांना उभं करून फोटो काढला आणि मोठा करून लॉबीत लावला. घमेल्यातलं पाणी मात्र दुपारपर्यंत राखाडी व्हायचं. रईसा नावाची एकजण त्या बाकावर होती, तिची जीभ मंगलपेक्षा धारदार. ती घमेल्यात हात घालताना म्हणायची, “क्या काका, नौ जन्यां का मैल एकीच पानी में. पहले गंदे हाथ डालो, बाद में और गंदे निकालो.” काका म्हणायचे, “अगं, साबण आहे की त्यात. गावाकडं बायका मैलभर पाणी आणतायत, आठव जरा.” रईसा हात झटकून आत जायची. दुष्काळात पाण्याबद्दल तक्रार करणारा माणूस वाईट ठरतो, हे तिला ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी युरोपातल्या ग्राहकानं तपासणी ठेवली. पुण्याहून एक मध्यमवयीन गृहस्थ आले. त्यांच्याकडं पिस्तुलासारखं एक यंत्र होतं. वस्तूवर टेकवून घोडा दाबायचा, की आत कुठला धातू किती आहे ते पडद्यावर येतं. हिरव्या पट्टीतली सगळी कार्डं, रिळं, इस्त्र्या त्यांनी तपासल्या. सगळं स्वच्छ. काका लहान मुलासारखे खूश झाले. गृहस्थ यंत्र आवरत होते तेव्हा काकांनी त्यांना अंगठी तपासायला लावली, माझ्या बांगडीचं सोनं किती खरं तेही बघितलं, हसणं चाललं होतं. मग आम्ही त्यांना वाफा दाखवायला मागं नेलं. वाटेत कॅन्टीनच्या दारात घमेली होती. त्यांच्या आतल्या कडेला राखाडी पुट चढलं होतं. काका म्हणाले, “यालाही लावा बरं, साबणात काय भेसळ असते ते कळेल.” गृहस्थांनी यंत्र टेकवलं. पडद्याकडं बघितलं. पुन्हा टेकवलं, दुसऱ्या जागी. मग यंत्र काकांच्या हातात दिलं.

शिसं. कार्डासाठी जी मर्यादा होती तिच्या कितीतरी वर.

काका म्हणाले, “हे तुमच्या अहवालात लिहा.” गृहस्थ ओशाळले. “काका, माझ्या फॉर्ममध्ये फक्त ग्राहकाचा माल आहे. कामगारांचे हात नाहीत हो त्यात.” खोटं बोलले नाहीत ते. चौदा पानांचा फॉर्म मीच फाइल केला. त्यात स्क्रूच्या मुलाम्याला रकाना होता, वायरच्या प्लास्टिकला होता, खोक्यावरच्या शाईलाही होता.

शिशाचं भय धुरापेक्षा हाताचं जास्त असतं. बोटांना लागतं आणि भाकरीबरोबर पोटात जातं. वाहत्या पाण्यानं नीट हात धुतले तर बरंचसं निघून जातं. हे काकांना पाठ होतं. नव्या मुलींना ते स्वतः शिकवायचे. आणि त्यांनीच नळ बंद करून नऊ जणींचे हात एकाच पाण्यात बुडवले होते, आणि तेच पाणी आमच्या आमटीपर्यंत पोचवलं होतं. त्या दुपारी ते वाफ्यात गुडघ्यावर बसले आणि कोथिंबीर उपटायला लागले. मुळासकट, मूठमूठ. मी म्हटलं, “काका, माळ्याला सांगू या.” ते म्हणाले, “नको.” सगळा पाला त्यांनी शिशाच्या कचऱ्याच्या पिंपात भरला आणि पिंपावरच्या चिठ्ठीवर नीट अक्षरात लिहिलं: कोथिंबीर, मेथी, पालक.

मालक धावत आले. दुसऱ्या दिवशी कुणी पाहुणे वाफा बघायला येणार होते. काकांनी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकताना मालकांचा चेहरा मी पाहत होते. त्यावर काळजी आली, ती पाहुण्यांची. “एक्सपोर्टचा रिपोर्ट क्लीन आला ना?” “आला.” “मग विषय संपला, काका. कोथिंबीर काही आपण एक्सपोर्ट करत नाही.” आणि हसले. तिथं उभे असलेले दोघंतिघं पण हसले. मी हसले नाही, पण बोललेही नाही.

काकांनी त्याच दिवशी मागणी लिहून दिली. टच-अपच्या बाकाजवळ वाहत्या पाण्याचा नळ, आणि नऊ जणींच्या रक्ताची तपासणी. मी पोच घेतली, फाइलला लावली. नळ आठ दिवस सुरू राहिला आणि पुन्हा बंद. तपासणीबद्दल उत्तर आलं, की त्या आपल्या रोलवर नाहीत. काका दर सोमवारी स्मरणपत्र द्यायचे. मालक कंटाळले आणि मग त्यांना उपाय सुचला. असा उपाय सुचायलाही एक प्रकारची बुद्धी लागते. पिवळी बाजूच त्यांनी कंपनीतून उचलली. बायपासच्या पलीकडं जिथं सात-आठ वर्षांपूर्वी ज्वारी होती तिथं आता प्लॉट पडलेत, अर्धवट इमारती उभ्या आहेत. तिथं एका ठेकेदारानं पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि बाक, रिळं, इस्त्र्या, नऊ जणी, सगळं तिकडं गेलं. शहराची पाइपलाइन अजून तिथं पोचलेली नाही. आमच्या गेटवर मात्र मोठी हिरवी पाटी लागली: शिसेमुक्त परिसर. पाटीचा मजकूर टाइप करायला माझ्याकडंच आला. मी केला. शुद्धलेखन तपासून दिला.

काका त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात ते एवढंच म्हणाले, “माझं एक काम राहिलंय.” आम्हाला वाटलं, सुमनकाकूंना न्यायचं राहिलेलं तीर्थक्षेत्र वगैरे असेल. पंधरा दिवसांनी मी कागदांवर सह्या घ्यायला शेडवर गेले. दुपारचा पाऊण वाजलेला. शेडच्या दारात काकांची स्कूटर. पुढं पाय ठेवायच्या जागी पाण्याचे दोन जार. आणि काका हातात तांब्या घेऊन उभे. एकेक बाई साबण लावून पुढं यायची, काका तिच्या हातांवर धार धरायचे. “मनगटापर्यंत. नखात घास. अजून.” मंगल म्हणाली, “काका, लग्नात व्याह्याचे पाय धुत्यात तसं वाटायलंय बगा.” रईसा मागून म्हणाली, “इत्ती खातिरदारी तो मेरे ससुराल में बी नै हुई.” काका म्हणाले, “बोलू नका, धार वाया जातेय.” पाणी खाली पत्र्याच्या डब्यात पडत होतं, आणि तो डबा ते झाकण लावून परत नेत. वाफ्यात ओतायची त्यांची आता छाती नव्हती.

चार वर्षं. रविवार सोडून रोज. आपल्या घरच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं अशा शहरात, घरच्या टाकीतून दोन जार काढून. सुमनकाकू मला म्हणाल्या होत्या, “आमच्याकडं पाहुणा आला तरी मी पेलाभर विचारून देते, आणि हे बघा.” पण जार त्याच भरून ठेवायच्या. काकांनी स्वतःच्या खर्चानं मंगलची आणि आणखी तिघींची रक्ततपासणी करून घेतली. माझं नावही त्या यादीत घातलं. मी म्हटलं, मला काय झालंय? म्हणाले, “कोथिंबीर न्यायचात ना तुम्ही?” माझा अहवाल ठीक आला. मंगलचा ठीक नव्हता; रक्तात शिसं निघालं. डॉक्टरांनी तिला सांगितलं, ते काम सोडा, आणि जमत नसेल तर निदान हात स्वच्छ धुऊन जेवत जा. मंगल बाहेर येऊन हसायलाच लागली. “काका, डॉक्टर बी तुमचंच गाणं म्हनायलाय!” काका हसले नाहीत. परत येताना रिक्षात म्हणाले, “नलिनीबाई, मी हिरव्या पट्टीत एक चिमटा चुकला तर झोपत नव्हतो…”

शेडवर नळ आणि टाकी बसवायला ठेकेदार तयार आहे. त्याला फक्त कंपनीचं पत्र हवं, की इथं तुमचं काम चालतं. काकांनी त्या पत्राचा मसुदा करून मला दिला होता. चार ओळींचा. मी तो तीनदा केबिनमध्ये पाठवला. तिसऱ्यांदा मालकांनी मला बोलावून समजावलं, “असं पत्र दिलं तर गेटवरची पाटी काढावी लागेल, कळतंय का तुम्हाला?” कळतंय. पहिल्यापासून कळतंय.

एप्रिलमध्ये काकांना दवाखान्यात ठेवलं. हृदयाचं दुखणं, अचानक आलं. मी भेटायला गेले तेव्हा नाकात नळ्या होत्या, बोलायला बंदी होती. तरी बोलले. “जार सुमनला उचलत नाहीत. तांब्या मोरीच्या कोनाड्यात आहे. साबण संपत आलाय.” मी वही काढून लिहून घेतलं. ते बघून त्यांना हसू आलं. म्हणाले, “टाका यादीत.” आमचं शेवटचं बोलणं हेच. चौथ्या दिवशी गेले.

मी आता जार नेते. बुधवारी आणि शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत स्कूटीवरून. एवढंच जमतं, कारण परत येऊन दोनच्या आत हजेरी लावावी लागते. पहिल्या बुधवारी रईसानं माझ्या हातातून तांब्या घेतला, म्हणाली, “मॅडम, धार मोटी पकडी तुमने. काका पतली पकडते थे,” आणि धार कशी धरायची ते दाखवलं. मंगलनं विचारलं, “आनि बाकीच्या दिवशी वो, ताई?” मी म्हटलं, बघते.

वहीत मी सहा वारांच्या सहा ओळी आखल्या आहेत. बुधवार आणि शनिवारपुढं माझं नाव आहे. भालेरावांना विचारलं, ते म्हणाले मालकांना कळलं तर. एचआरच्या दोघींना विचारलं, त्या पुरस्काराच्या कामात आहेत. सुमनकाकू येते म्हणतात, पण त्यांना जार उचलत नाहीत, ते काका सांगूनच गेलेत. पत्र अजून केबिनमध्ये आहे. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार या चार ओळी कोऱ्या आहेत, आणि त्या चार दिवशी दुपारी पाऊण वाजता नऊ जणी हात ओढणीला पुसून डबे उघडतात.